वाइनच्या संवेदी मूल्यमापनातील सांख्यिकीय पद्धती

वाइनचा रंग, गंध, चव आणि मुखस्पर्श यांविषयी माणसांनी दिलेले निर्णय गोळा करण्याच्या, मोजण्याच्या आणि पडताळून पाहण्याच्या शास्त्रशुद्ध रीतींना वाइनच्या संवेदी मूल्यमापनातील सांख्यिकीय पद्धती असे म्हणतात. वाइनमधील अल्कोहोल, आम्लता किंवा शर्करा प्रयोगशाळेत उपकरणाने मोजता येते. तिचा सुवास किंवा तुरटपणा मात्र अखेर माणसाच्या नाकाजिभेलाच विचारावा लागतो. हे ‘उपकरण’ थकते, सवयीने बोथट होते, शेजाऱ्याच्या मताने विचलित होते आणि बाटलीवरील नाव दिसताच बदलतेही. परीक्षकाने एखाद्या वाइनला वीसपैकी सोळा गुण दिले, तर त्या सोळांत वाइनचा वाटा किती, परीक्षकाच्या स्वभावाचा किती आणि त्या क्षणाच्या योगायोगाचा किती, हे वेगळे काढणे हा या पद्धतींचा मुख्य हेतू होय.

हा प्रश्न केवळ शास्त्रीय कुतूहलाचा नाही. स्पर्धेतील सुवर्णपदक किंवा समीक्षकाने दिलेले गुण यांवर वाइनची किंमत, लहान उत्पादकाची विक्री आणि एखाद्या प्रदेशाची कीर्ती अवलंबून असते. दोन वाइनमधील गुणांचा फरक खरा आहे की यदृच्छेने पडलेला आहे, हे न तपासताच क्रमवारी जाहीर करण्याची प्रथा आजही सर्रास आढळते.

पार्श्वभूमी

आधुनिक संख्याशास्त्राचा आणि पेयांचा संबंध जुना आहे. लहान नमुन्यांवरून निष्कर्ष काढण्याची प्रसिद्ध ‘टी-कसोटी’ विल्यम गॉसेट यांनी १९०८ मध्ये ‘स्टुडंट’ या टोपणनावाने प्रसिद्ध केली. ते डब्लिन येथील गिनेस या मद्यकंपनीत नोकरीस होते. रोनाल्ड फिशर यांनी १९३५ च्या ‘द डिझाइन ऑफ एक्सपेरिमेंट्स’ या ग्रंथात प्रयोगाच्या आखणीची तत्त्वे समजावताना चहाचेच उदाहरण घेतले. कपात आधी दूध घातले की आधी चहा, हे चवीवरून ओळखता येते असा एका बाईंचा दावा होता. फिशर यांनी सुचविलेल्या प्रयोगात दोन्ही प्रकारचे चार-चार असे आठ कप यादृच्छिक क्रमाने द्यायचे असतात. आठांतून चार कप निवडण्याचे ७० प्रकार होतात. म्हणून केवळ अंदाजाने सर्व कप बरोबर ओळखले जाण्याची संभाव्यता ७० त १ एवढीच राहते. संवेदी चाचणीचा सारा सांगाडा या छोट्या प्रयोगात आहे: परीक्षकाला नमुन्याची ओळख नसणे, क्रम यादृच्छिक असणे आणि ‘काहीच कळत नसेल तर काय घडेल’ याचा हिशेब आधीच मांडलेला असणे.

वाइनच्या क्षेत्रात ही शिस्त रुजविण्याचे मोठे काम कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील शाखेत झाले. मेनार्ड अमेरिन यांनी सहकाऱ्यांसह तेथे वीस गुणांची मोजपट्टी तयार केली. पुढे अमेरिन आणि गणितज्ञ एडवर्ड रोस्लर यांचे वाइनच्या संवेदी मूल्यमापनावरील पुस्तक १९७६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात आस्वादाच्या वर्णनाइतकीच जागा सांख्यिकीय कसोट्यांना दिलेली आहे.

चाचणीची आखणी

सदोष आखणीतून मिळालेली आकडेवारी कोणत्याही गणिताने दुरुस्त होत नाही. म्हणून संवेदी चाचणीत बराचसा विचार पहिला पेला भरण्यापूर्वी करावा लागतो.

पहिली अट म्हणजे अंध चाचणी. नमुन्यांना नाव न देता तीन अंकी यादृच्छिक सांकेतिक क्रमांक देतात. ‘१, २, ३’ किंवा ‘अ, ब, क’ अशी खूण टाळतात, कारण पहिल्या क्रमांकाला नकळत झुकते माप मिळते. पेले एकसारखे, वाइनचे तापमान व प्रमाण समान, आणि परीक्षक वेगवेगळ्या कक्षांत बसलेले असतात. गंधाचा किंवा चवीचा फरकच तपासायचा असेल तर रंग झाकण्यासाठी गडद रंगाचे पेले किंवा लाल प्रकाश वापरतात. रंगाचा प्रभाव किती खोलवर जातो हे जिल मोरो, फ्रेडरिक ब्रोशे आणि डेनी द्युबूर्दियू यांच्या २००१ मधील प्रयोगात दिसून आले. त्यांनी बोर्दोच्या पांढऱ्या वाइनमध्ये गंधहीन लाल रंग मिसळून ती ५४ जणांना दिली. रंग नसताना तिच्या गंधाचे वर्णन करताना ज्यांनी पांढऱ्या वाइनचे शब्द वापरले होते, त्यांनीच रंगवलेल्या वाइनसाठी प्रामुख्याने लाल वाइनचे शब्द वापरले. या प्रयोगाची आठवण अनेकदा आस्वादकांची थट्टा करण्यासाठी काढली जाते, ते योग्य नव्हे. मेंदू डोळा आणि नाक यांची माहिती एकत्र करूनच गंध ‘ओळखतो’, हा त्याचा खरा अर्थ आहे. आणि म्हणूनच अंध चाचणी आवश्यक ठरते.

दुसरी अट क्रमाविषयी आहे. तुरट लाल वाइननंतर घेतलेली सौम्य वाइन पाणचट वाटते; दहाव्या पेल्यापर्यंत जीभ थकलेली असते. परीक्षक वाइन गिळत नाहीत, थुंकतात. मधे पाणी व कोरडा पाव घेतात. तरीही मागील नमुन्याचा परिणाम पूर्ण जात नाही. तो नाहीसा करता येत नसेल तर सर्व नमुन्यांत सारखा वाटून टाकावा, हा यावरचा सांख्यिकीय उपाय आहे. त्यासाठी लॅटिन चौरस वापरतात. प्रत्येक वाइन प्रत्येक स्थानी सारख्याच वेळा यावी अशी ही मांडणी असते. ई. जे. विल्यम्स यांनी १९४९ मध्ये तिची सुधारित रचना दिली. क, ख, ग, घ या चार वाइन चार परीक्षकांना अनुक्रमे ‘क ख घ ग’, ‘ख ग क घ’, ‘ग घ ख क’ आणि ‘घ क ग ख’ अशा दिल्या, तर प्रत्येक वाइन प्रत्येक स्थानी एकदा येते. शिवाय प्रत्येक वाइन इतर प्रत्येक वाइनच्या लगेच मागे नेमकी एकदाच येते.

लॅटिन चौरसांच्या गणिताला एक मराठी दुवाही आहे. काही आकारांचे परस्परलंब लॅटिन चौरस असूच शकत नाहीत, हे लेओनार्ड ऑयलर यांचे १७८२ चे अनुमान राजचंद्र बोस, शरदचंद्र शंकर श्रीखंडे आणि अर्नेस्ट पार्कर यांनी १९५९ मध्ये चुकीचे ठरवले. क्रमाबरोबरच सत्र किंवा बाटली असा आणखी एखादा घटक समतोल ठेवायचा असेल तेव्हा परस्परलंब चौरस उपयोगी पडतात.

तिसरी अट पुनरावर्तनाची. एकाच वाइनचे दोन किंवा तीन पेले, ती तीच वाइन आहे हे न सांगता, त्याच परीक्षकापुढे ठेवतात. ही अट सर्वांत स्वस्त असूनही स्पर्धांमध्ये तीच सर्वाधिक टाळली जाते. पुनरावर्तनाशिवाय परीक्षकाची चूक आणि त्याची आवड यांत फरक करता येत नाही.

भेद ओळखण्याच्या चाचण्या

काही वेळा ‘कोणती वाइन चांगली’ हा प्रश्नच नसतो. ‘दोहोंत फरक कळतो का’ एवढेच हवे असते. उत्पादकाने यीस्ट बदलले, बुचाऐवजी फिरकीचे झाकण वापरले किंवा ओकच्या पिंपातील मुक्काम कमी केला, तर ग्राहकाला तो बदल जाणवेल काय, असा हा व्यवहारी प्रश्न असतो.

यासाठी सर्वांत प्रचलित असलेली त्रिकोण चाचणी १९४० च्या दशकात कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग येथे बिअरसाठी विकसित झाली. परीक्षकापुढे तीन पेले ठेवतात. दोहोंत एकच वाइन आणि तिसऱ्यात दुसरी असते. वेगळा पेला ओळखायचा असतो. काहीही कळत नसले तरी अंदाजाने बरोबर उत्तर येण्याची संभाव्यता १/३ असते. समजा बारा जणांनी चाचणी दिली. सर्वांनी अंदाजच केला, तर सरासरी चौघांचे उत्तर बरोबर येईल. सात किंवा अधिक जणांचे उत्तर केवळ अंदाजाने बरोबर येण्याची संभाव्यता द्विपद वितरणानुसार सुमारे ६.६ टक्के, तर आठ किंवा अधिक जणांचे येण्याची सुमारे १.९ टक्के आहे. म्हणून ५ टक्के सार्थकता पातळी धरल्यास बारापैकी किमान आठ उत्तरे बरोबर हवीत. चोवीस परीक्षकांत हीच मर्यादा तेरा आहे. ‘निम्म्याहून अधिक लोकांनी ओळखले’ या वाक्याला बारा जणांत फारसा आधार नसतो, चोवीस जणांत असतो. आणि हे चाचणीपूर्वीच ठरवायचे असते.

येथे एक गैरसमज वारंवार होतो. बारापैकी सहाच उत्तरे बरोबर आली, तर ‘दोन्ही वाइन सारख्या आहेत’ असे सिद्ध होत नाही. फरक दाखवण्यास पुरावा अपुरा पडला, एवढेच म्हणता येते. फरक नाही असा दावा करायचा असेल तर परीक्षकांची संख्या बरीच वाढवावी लागते आणि किती मोठा फरक दुर्लक्षणीय मानायचा हे आधी ठरवावे लागते.

दोन-दोन वाइनच्या जोड्या लावून ‘यांतील कोणती आवडली’ असे विचारण्याचीही रीत आहे. अशा जोड्यांच्या निकालांवरून सर्व वाइन एका मोजपट्टीवर आणण्याचे ब्रॅडली-टेरी प्रतिमान १९५२ मध्ये मांडले गेले.

गुण आणि क्रम

स्पर्धांमध्ये बहुधा प्रत्येक परीक्षक प्रत्येक वाइनला गुण देतो आणि गुणांची बेरीज करून क्रम लावतात. रीत सोपी आहे, पण तिच्यात एक दोष दडलेला आहे. एक परीक्षक १२ ते १६ एवढ्याच पट्ट्यात वावरतो, दुसरा ५ पासून १८ पर्यंत मोकळेपणाने गुण देतो. बेरजेत दुसऱ्याचे मत नकळत कित्येक पट जड होते. पुढील उदाहरण केवळ समजावण्यासाठी रचलेले आहे.

| परीक्षक | क | ख | ग | घ |
|---|---|---|---|---|
| पहिला | १६ | १५ | १४ | १३ |
| दुसरा | १५ | १४ | १३ | १२ |
| तिसरा | १४ | १३ | १५ | १२ |
| चौथा | १६ | १५ | १३ | १४ |
| पाचवा | ९ | १८ | १२ | ५ |
| बेरीज | ७० | ७५ | ६७ | ५६ |

बेरजेने ‘ख’ वाइन पहिली येते. परंतु पहिल्या चारही परीक्षकांनी ‘क’ ला ‘ख’ पेक्षा वरचे स्थान दिले आहे. एकट्या पाचव्या परीक्षकाने निकाल फिरवला. आता गुणांऐवजी प्रत्येक परीक्षकाने लावलेला क्रम घेतला (पहिल्या पसंतीस १, शेवटच्या पसंतीस ४), तर क्रमांची बेरीज अनुक्रमे ८, १०, १३ आणि १९ येते. कमी बेरीज ती वरचढ. म्हणजे ‘क’ पहिली ठरते.

क्रमांवर आधारलेली कसोटी मिल्टन फ्रीडमन यांनी १९३७ मध्ये दिली. (पुढे १९७६ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळालेले तेच हे फ्रीडमन.) परीक्षकांनी क्रम निव्वळ चिठ्ठ्या टाकून लावले असते तर क्रमांच्या बेरजा एकमेकींच्या जवळपास असत्या, त्या किती विखुरल्या आहेत हे ही कसोटी मोजते. वरील उदाहरणात कसोटीचे मूल्य ८.२८ येते. ५ टक्के पातळीसाठी आवश्यक मूल्य सुमारे ७.८ आहे, म्हणून चारही वाइन एकसारख्या आहेत ही परिकल्पना टाकून द्यावी लागते.

परीक्षकांचे आपसांत कितपत जमते हे केंडॉल आणि बॅबिंग्टन स्मिथ यांच्या १९३९ च्या सुसंगती गुणकाने सांगता येते. संपूर्ण एकमत असल्यास तो १, काहीच मेळ नसल्यास ० असतो. येथे तो ०.५५ आहे, म्हणजे मेळ मध्यम आहे.

‘क’ प्रथम आली, असे मात्र एवढ्यावरून म्हणता येत नाही. कोणत्याही दोन वाइनच्या क्रमांच्या बेरजांत सुमारे १०.५ चा फरक असेल तरच, सर्व जोड्यांची तुलना ध्यानात घेऊन, तो फरक सार्थ मानतात. ‘क’ आणि ‘घ’ यांच्यात तो ११ आहे. बाकी एकही जोडी या मर्यादेपर्यंत पोहोचत नाही. म्हणजे पाच परीक्षकांच्या या चाचणीतून खात्रीने निघणारा निष्कर्ष ‘क ही घ पेक्षा सरस’ एवढाच आहे. विजेत्याला देण्यासाठी चषक आणून ठेवलेल्या आयोजकाला हे उत्तर रुचणार नाही.

जोड्यांच्या तुलनेत कठोर मर्यादा का लावावी लागते, याचेही कारण साधे आहे. दहा वाइनच्या ४५ जोड्या होतात. प्रत्येक जोडी ५ टक्के पातळीवर स्वतंत्रपणे तपासली, तर सर्व वाइन अगदी सारख्या असल्या तरी सरासरी दोनाहून अधिक जोड्यांत ‘फरक’ सापडतो.

गुण टाकून न देता वापरायचे असल्यास फिशर यांचे प्रचरण विश्लेषण उपयोगी पडते. गुणांतील एकूण चढउतार त्यात चार भागांत विभागतात: वाइनमुळे आलेला, परीक्षकाच्या सढळ किंवा कंजूष हातामुळे आलेला, विशिष्ट परीक्षकाला विशिष्ट वाइन रुचण्या-न रुचण्यामुळे आलेला, आणि उरलेला योगायोगाचा. यांतील शेवटचे दोन भाग वेगळे करण्यासाठी पुनरावर्तन अनिवार्य आहे. निष्कर्ष हजर असलेल्या परीक्षकांपुरता न ठेवता अशा सर्वच परीक्षकांना लागू करायचा असेल, तर परीक्षक हा यादृच्छिक घटक मानून संमिश्र प्रतिमान वापरतात. त्यामुळे निष्कर्ष अधिक सावध होतो.

पॅरिसची १९७६ ची चाचणी

या साऱ्या प्रश्नांची कसोटी पाहणारी सर्वांत प्रसिद्ध घटना म्हणजे २४ मे १९७६ रोजी पॅरिसमध्ये स्टीव्हन स्पुरिअर या ब्रिटिश वाइन व्यापाऱ्याने भरवलेली अंध चाचणी. नऊ फ्रेंच परीक्षकांनी दहा पांढऱ्या आणि दहा लाल वाइनना वीसपैकी गुण दिले. स्पुरिअर आणि त्यांच्या सहकारी पॅट्रिशिया गॅलघर यांनीही गुण दिले होते, पण अधिकृत निकालात ते धरले नाहीत. प्रत्येक गटात सहा वाइन कॅलिफोर्नियाच्या आणि चार फ्रान्सच्या होत्या. पांढऱ्यांत शातो मोंतेलेना आणि लालमध्ये स्टॅग्ज लीप या कॅलिफोर्नियाच्या १९७३ च्या वाइन पहिल्या आल्या. ‘टाइम’ साप्ताहिकात जॉर्ज टेबर यांनी दिलेल्या छोट्या वृत्तानंतर ‘कॅलिफोर्नियाने फ्रान्सला हरवले’ ही बातमी जगभर गेली.

लाल वाइनच्या निकालात नऊ परीक्षकांच्या गुणांची बेरीज स्टॅग्ज लीपसाठी १२७.५ आणि शातो मुतों-रोथशिल्डसाठी १२६ होती. अकराही जणांचे गुण धरले तर सरासरी १४.१४ आणि १४.०९ येते, म्हणजे अकरा गुणपत्रिकांच्या बेरजेत अवघ्या अर्ध्या गुणाचा फरक. एका परीक्षकाने एका वाइनला एक गुण कमी दिला असता तरी हा क्रम उलटला असता.

प्रिन्स्टन विद्यापीठाचे ओर्ली ॲशनफेल्टर आणि रिचर्ड क्वांट यांनी १९९९ मध्ये या निकालाचे क्रमाधारित विश्लेषण प्रसिद्ध केले. गुण बाजूला ठेवून प्रत्येक परीक्षकाचा क्रम घेतला तरी स्टॅग्ज लीप पहिलीच राहते, असे त्यांना आढळले. प्रसिद्ध बेजीय संख्याशास्त्रज्ञ डेनिस लिंडली यांनीही २००६ मध्ये याच आकड्यांचे विश्लेषण केले. केवळ वीस वाइनच्या एका दुपारच्या चाचणीवर तीस वर्षांनीही संख्याशास्त्रज्ञ लिहीत होते, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

‘कॅलिफोर्निया की फ्रान्स’ हा प्रश्न मात्र ‘कोणती वाइन पहिली’ या प्रश्नाहून वेगळा आहे, आणि वृत्तपत्रांनी दोन्हींची गल्लत केली. दहांपैकी सहा वाइन कॅलिफोर्नियाच्या असल्याने सर्व वाइन तोडीस तोड असत्या तरी पहिला क्रमांक कॅलिफोर्नियाकडे जाण्याची संभाव्यता ६० टक्के होती. दोन्ही गटांत तसे होण्याची ३६ टक्के. उलट लाल वाइनमध्ये फ्रान्सच्या चार वाइन दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या व सहाव्या स्थानी होत्या, तर शेवटची चारही स्थाने कॅलिफोर्नियाची होती. फ्रान्सच्या क्रमांची सरासरी ३.७५ आणि कॅलिफोर्नियाची सुमारे ६.७ पडते. दहा स्थानांतून चार निवडण्याचे २१० प्रकार आहेत. त्यांपैकी १८ प्रकारांतच फ्रान्सच्या क्रमांची बेरीज १५ किंवा त्याहून कमी येते. म्हणजे देशांत काही फरक नसतानाही फ्रान्सला इतका चांगला निकाल मिळण्याची संभाव्यता सुमारे ८.६ टक्के होती. रूढ ५ टक्क्यांच्या पातळीवर हाही फरक सार्थ ठरत नाही. तथापि लाल वाइनचे आकडे ज्या बाजूला झुकतात ती बाजू बातमीच्या नेमकी विरुद्ध आहे. कॅलिफोर्नियाच्या उत्तम वाइन फ्रान्सच्या नामांकित वाइनच्या बरोबरीने बसू शकतात, हे त्या दिवशी निःसंशय दिसले आणि तेवढेही त्या काळी मोठेच होते. ‘हरवले’ हा शब्द मात्र आकडेवारीत नाही.

आखणीतही उणिवा होत्या. परीक्षक एकत्र बसून आपसांत बोलत होते. पांढऱ्या वाइनचा निकाल लाल वाइनच्या चाचणीपूर्वीच जाहीर झाला. त्यामुळे दुसऱ्या फेरीतील निर्णय पहिलीपासून स्वतंत्र राहिले नाहीत. कसोट्यांचे सारे गणित निर्णय स्वतंत्र असल्याच्या गृहीतकावर उभे असते.

अशीच एक चाचणी जून २०१२ मध्ये प्रिन्स्टन येथे झाली; तीत फ्रान्सच्या वाइनसमोर न्यू जर्सीच्या वाइन ठेवल्या होत्या. या वेळी निकालासोबतच क्वांट यांचे विश्लेषण जाहीर करण्यात आले. पांढऱ्यांतील पहिली आणि लालमधील शेवटची वाइन सोडली, तर बाकीच्या वाइनमध्ये सांख्यिकीय दृष्ट्या भेद करता येत नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले होते.

परीक्षकांची परीक्षा

कॅलिफोर्नियातील निवृत्त प्राध्यापक आणि स्वतः वाइन उत्पादक असलेले रॉबर्ट हॉजसन यांना आपल्या वाइनला एका स्पर्धेत सुवर्णपदक आणि दुसरीत काहीच नाही, याचे कोडे पडले. त्यांच्या सूचनेवरून कॅलिफोर्निया राज्य जत्रेच्या स्पर्धेत २००५ पासून एक प्रयोग सुरू झाला. परीक्षकांपुढे येणाऱ्या सुमारे तीस पेल्यांच्या फेरीत काही वाइनचे प्रत्येकी तीन पेले, एकाच बाटलीतून ओतून, वेगवेगळ्या स्थानी मिसळले जात. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार सुमारे दहा टक्के परीक्षकांनाच तिन्ही पेल्यांना एकाच पदकाच्या गटात ठेवता आले. आणखी दहा टक्क्यांनी तर कधी एकाच वाइनला कांस्यपासून सुवर्णपर्यंत सर्व काही दिले. हे सारे अनुभवी परीक्षक होते.

पुढच्याच वर्षी हॉजसन यांनी अमेरिकेतील तेरा स्पर्धांचे निकाल एकमेकांशी ताडून पाहिले. तीनपेक्षा अधिक स्पर्धांत उतरलेल्या २,४४० वाइनपैकी ४७ टक्के वाइनना कुठे ना कुठे सुवर्णपदक मिळाले होते. पण त्यांतील ८४ टक्के वाइनना दुसऱ्या एखाद्या स्पर्धेत कोणतेच पदक मिळाले नव्हते. एका स्पर्धेतील सुवर्णपदकाचा दुसरीतील सुवर्णपदकाशी संबंध दिसला नाही. म्हणजे सुवर्णपदकांची वाटणी बव्हंशी यदृच्छेने झाल्यासारखी होती.

याचा आर्थिक अर्थ उघड आहे. प्रत्येक स्पर्धेत निव्वळ चिठ्ठ्या टाकून दहांतील एका वाइनला सुवर्णपदक दिले, असे समजू. पाच स्पर्धांत उतरणाऱ्या वाइनला किमान एक सुवर्णपदक मिळण्याची संभाव्यता ४१ टक्के होते. प्रवेशशुल्क भरण्याची ऐपत असलेल्या उत्पादकाच्या बाटलीवर पदकाची चकती येते. ज्याला एकाच स्पर्धेचे शुल्क परवडते त्याच्या वाट्याला दहांत एक एवढीच संधी येते.

वाइन पारखणे हे सारे ढोंग आहे, असा निष्कर्ष यावरून काढणे अतिरेकी ठरेल. बिघडलेली वाइन बहुतेक परीक्षक ओळखतात. सुसंगती दिसते ती अशा टोकांना. चांगल्या आणि अधिक चांगल्या वाइनमध्ये भेद करताना मात्र मानवी मोजमापाची कुवत अपुरी पडते. म्हणूनच गुणांबरोबर त्यांची त्रुटीमर्यादाही सांगावी असा आग्रह धरला जातो. पन्नासापासून सुरू होणाऱ्या शंभर गुणांच्या लोकप्रिय मोजपट्टीवर ९१ आणि ९२ यांतील फरक छापला जातो. पण तोच परीक्षक तीच वाइन पुन्हा चाखल्यावर काय गुण देईल, हे छापले जात नाही.

वर्णनात्मक विश्लेषण

आवडनिवड बाजूला ठेवून वाइन कशी आहे एवढेच नोंदवणाऱ्या पद्धतीला वर्णनात्मक विश्लेषण म्हणतात. सुमारे दहा-बारा जणांना काही आठवडे प्रशिक्षण देतात. लिंबू, काळी मिरी, लवंग, ओले गवत, लोणी असे गंध प्रत्यक्ष संदर्भनमुने हुंगवून ठरवतात, म्हणजे ‘मिरीचा गंध’ म्हणताना सर्वांच्या मनात एकच वस्तू असते. यासाठी डेव्हिस येथील ॲन नोबल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात वाइनच्या गंधशब्दांचे चक्र तयार केले. ‘उमदी’, ‘डौलदार’ असे शब्द त्यात मुद्दाम वगळले आहेत, कारण त्यांचा संदर्भनमुना पेल्यात ठेवता येत नाही.

अशा चाचणीत प्रत्येक वाइनला पंधरा-वीस गुणधर्मांचे आकडे मिळतात. त्यांतील अनेक परस्परांशी जोडलेले असतात. ही गर्दी दोन-तीन अक्षांवर आणण्यासाठी प्रधान घटक विश्लेषण वापरतात आणि वाइनचा एक प्रकारचा नकाशा काढतात. सारख्या वाइन त्यावर जवळ येतात. वाइनचे गट आधीच ठाऊक असतील, उदाहरणार्थ दोन प्रदेशांच्या वाइन, तर ते किती वेगळे पडतात हे प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी १९३६ मध्ये मांडलेल्या अंतराने मोजता येते. प्रशिक्षण नसलेल्या परीक्षकांनी आपापले शब्द वापरले असल्यास प्रत्येकाचा नकाशा फिरवून, ताणून किंवा आक्रसून एकमेकांवर बसवतात. जॉन गोवर यांनी १९७५ मध्ये सर्वसाधारण रूप दिलेल्या या रीतीला प्रोक्रस्टीझ विश्लेषण म्हणतात. पाहुण्याला पलंगाच्या मापाचा करण्यासाठी त्याचे पाय ओढणाऱ्या किंवा छाटणाऱ्या ग्रीक पुराणातील दरोडेखोरावरून हे नाव पडले. पद्धतीचा धोकाही त्या नावातच आहे: पुरेसे ओढले तर कोणतेही नकाशे थोडेफार जुळतात, म्हणून ही जुळणी यदृच्छेने होणाऱ्या जुळणीहून सरस आहे हे वेगळे तपासावे लागते.

मर्यादा

प्रशिक्षित परीक्षकांचा निष्कर्ष सामान्य ग्राहकाला लागू पडेलच असे नाही. सहा हजारांहून अधिक अंध चाचण्यांच्या २००८ मधील एका अभ्यासात किंमत ठाऊक नसलेल्या सामान्य ग्राहकांना महाग वाइन अधिक आवडत नाही, उलट किंचित कमीच आवडते असे आढळले; वाइनचे प्रशिक्षण घेतलेल्यांत तसे दिसले नाही. त्यामुळे तज्ज्ञ आणि ग्राहक यांचे गुण एकत्र मिसळून सरासरी काढणे चुकीचे ठरते. ग्राहकांतही आवडीचे वेगवेगळे गट असतात. निम्म्यांना अतिशय आवडलेली व निम्म्यांना अजिबात न आवडलेली वाइन आणि सर्वांना साधारण वाटलेली वाइन यांची सरासरी सारखीच येऊ शकते.

नमुन्याचा प्रश्न बहुतेक अहवालांत दुर्लक्षित राहतो. चाचणीत चाखली जाते ती एक बाटली. निष्कर्ष मात्र त्या वाइनच्या हजारो बाटल्यांविषयी काढला जातो. नैसर्गिक बुचामुळे एखादी बाटली बिघडलेली असू शकते, साठवणुकीत दोन बाटल्यांचे वय वेगळे पडू शकते. दहा परीक्षकांनी एकाच बाटलीतून घेतलेल्या घोटांमुळे परीक्षकांची संख्या दहा होते, बाटल्यांची एकच राहते. वाइनविषयी बोलायचे असेल तर एकाच वाइनच्या अनेक बाटल्या, शक्यतो वेगवेगळ्या खोक्यांतून, चाचणीत घ्याव्या लागतात आणि बाटली हा प्रचरणाचा स्वतंत्र घटक म्हणून मोजावा लागतो.